ठिणगीची वेळ

चांगले कृत्य अवेळी केले तर ते चांगले राहते काय? हा प्रश्न वरवर पाहता तर्कशास्त्राच्या वर्गातला वाटतो. पण आपल्या घराघरांत तो रोज उभा असतो. मुलाची कानउघाडणी करायची आहे, पण केव्हा? भावाकडे जाऊन वर्षांचा अबोला सोडायचा आहे, पण केव्हा? आजाऱ्याला त्याच्या आजाराचे खरे नाव सांगायचे आहे, पण केव्हा? काय करावे, हे आपल्याला बहुधा ठाऊक असते. केव्हा करावे, येथे आपण अडतो. आणि अडलो की ‘वेळ आली की पाहू’ असे म्हणून मोकळे होतो. वेळ ही आपोआप येणारी गोष्ट आहे, ती ठरविण्याची जबाबदारी आपली नाही, असे आपण त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठी आम्ही वाचकांना थोडा वेळ एका जुन्या मोटारगाडीच्या इंजिनापाशी घेऊन जाणार आहोत.

मुंबई, वसई आणि कोकणपट्टीतल्या पुष्कळ कुटुंबांना ही गाडी परिचयाची आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. पुढे सत्तरच्या दशकात तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिने मुंबईकरांची कित्येक वर्षे सेवा केली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती त्या शहराच्या टॅक्सींतून कायमची निवृत्त झाली. हौसेने जपलेल्या काही पद्मिनी आजही धावतात. आजच्या मोटारीत ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. या गाडीत ती माणसाला हाताने लावावी लागते. म्हणून आमच्या प्रश्नाला हीच गाडी उपयोगी आहे.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण येते, पिस्टन वर सरकून ते दाबतो, प्लगची ठिणगी ते पेटवते आणि जळणाऱ्या वायूच्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो. मग ठिणगी केव्हा पडावी? पिस्टन अगदी माथ्यावर पोहोचला की, असे कोणीही म्हणेल. ते उत्तर चुकीचे आहे, कारण जळायला वेळ लागतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला सेकंदाचा पन्नासावा हिस्सा लागतो. आणि मिश्रण पेटून पुरते जळण्यात त्या हिश्श्याचाही सुमारे दहावा भाग जातो. एवढ्याशा अवधीत क्रँकशाफ्ट तीस-पस्तीस अंशांनी फिरलेला असतो. सर्वांत मोठा दाब हवा असतो तो पिस्टनने माथा ओलांडून खाली वळल्यावर, दहा-पंधरा अंशांच्या आसपास. तेव्हा ठिणगी पिस्टन अजून वर चढत असतानाच पडली पाहिजे. गरज डोळ्यांना दिसू लागण्यापूर्वी आरंभ करावा लागतो, ही या यंत्राची पहिली शिकवण.

किती आधी, हा मात्र नाजूक प्रश्न आहे. ठिणगी फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनला जळत्या वायूचा दाब आडवा येतो. ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण स्वतःहून भडकते आणि इंजिनातून धातूवर धातू आपटल्यासारखी टकटक ऐकू येते. गाडी ‘ठोकते’ असे आपले मेकॅनिक म्हणतात. हे ठोके दीर्घकाळ चालू राहिले तर पिस्टन फुटतो, बेअरिंग खराब होते. ठिणगी फार उशिरा पडली तर आवाज काहीच होत नाही. इंजिन मऊ चालते. फक्त गाडीला ओढ राहत नाही, पेट्रोल जास्त लागते आणि जी उष्णता पिस्टनला ढकलण्याच्या कामी यायची ती एक्झॉस्टच्या वाटेने जाते. इंजिन तापते आणि कालांतराने एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. लवकरची चूक ओरडून सांगते. उशिराची चूक शांत असते. या लेखात आम्हाला जे म्हणायचे आहे त्याचे मूळ या एका फरकात आहे.

तो फरक सपाट रस्त्यावर कळत नाही. त्यासाठी चढ लागतो. रायगड जिल्ह्यात पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघाले की सावित्रीच्या खोऱ्यात कापडे हे गाव लागते. कापडे ओलांडून पुढे गेले की आंबेनळी घाटाचे चढ सुरू होतात आणि प्रतापगडाला वळसा घालून रस्ता महाबळेश्वरच्या सुमारे १३५० मीटर उंचीवर पोहोचतो. जुनी फियाट चार माणसे, सामानाची ट्रंक आणि टपावरची वळकटी घेऊन या रस्त्याला लागली, म्हणजे मुंबईच्या सपाट रस्त्यावर झाकलेले सारे दोष बाहेर पडतात. टायमिंग पुढे असेल तर पहिल्याच वळणावर टकटक सुरू होते. मागे असेल तर गाडी निमूटपणे दुसऱ्या, मग पहिल्या गिअरवर येते, रेडिएटरचे पाणी उकळू लागते आणि घाटाच्या मध्यावर बॉनेट उघडून थांबावे लागते. ठोकणाऱ्या गाडीचा मालक कापड्यालाच सावध होतो. निमूट गाडीचा मालक वर जाऊन अडकतो.

आपल्या आयुष्यातही असेच घडते, असे आम्हाला वाटते. लवकर बोललेला शब्द तत्काळ ठोका देतो. समोरचा रागावतो, रडतो, उठून जातो. आपल्याला पश्चात्ताप होतो आणि पुढच्या वेळी आपण जिभेला आवर घालतो. उशीर मात्र कोणाला दुखावत नाही. त्या दिवशी घरात शांतता राहते, जेवण सुरळीत होते, पाहुण्यांसमोर शोभा होत नाही. ठोक्याची शिक्षा लगेच मिळते आणि उशिराची फार पुढे, म्हणून आपण हळूहळू कायमचे उशिराकडे झुकतो; आणि त्या झुकण्याला संयम, समजूतदारपणा, मोठेपणा अशी चांगली नावे देतो.

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला कर्करोगाचे निदान होते. मुले रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभी राहून ठरवतात, ‘आत्ता नको. शस्त्रक्रिया होऊ दे.’ हे योग्यच आहे. शस्त्रक्रियेच्या गुंगीतून बाहेर येणाऱ्या माणसाच्या कानाशी जाऊन सारे काही सांगून टाकणारा नातेवाईक आपण सर्वांनी पाहिलेला असतो. सत्य सांगितले म्हणून त्याचे कौतुक करावेसे कोणालाही वाटत नाही. पण शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, माणूस घरी येतो. तरी ‘आत्ता नको’ तेच राहते. सण येतो, म्हणून नको. नातीचे लग्न ठरते, म्हणून नको. घरात सगळे हसून बोलतात. टकटक मुळीच नाही. आणि एके दिवशी सांगण्यासारखे काही उरत नाही. बहिणीशी धरलेला अबोला तसाच राहतो. जमिनीच्या कागदांवर सही राहून जाते आणि मुलांमध्ये पुढे दहा वर्षे कोर्ट चालते. फादरांना निरोप जातो तो शुद्ध हरपल्यावर. त्या माणसाला आपल्या आयुष्याचा शेवटचा भाग स्वतः जगण्याचा हक्क होता. तो त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच, हळुवारपणे, त्याच्याकडून काढून घेतला. कोणी खोटे बोलले नाही, असेही म्हणता येईल. फक्त वेळ लावली गेली नाही.

येथे एक आक्षेप येईल. नीतीला घड्याळ कसले? खरे ते खरे, न्याय तो न्याय. वेळ पाहून वागणे ही संधिसाधूपणाची पहिली पायरी नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी देऊन ठेवले आहे. बंधुभावाने करावयाच्या कानउघाडणीचा विचार करताना ते दोन प्रकारच्या आज्ञांत भेद करतात. ‘करू नको’ असे सांगणाऱ्या आज्ञा प्रत्येक क्षणी लागू असतात. चोरी, खून, खोटी साक्ष यांना योग्य वेळ नसते. ‘कर’ असे सांगणाऱ्या आज्ञांचे बंधन सदैव असते, पण त्या प्रत्येक क्षणी अमलात आणायच्या नसतात. योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य रीतीने पाळल्या तरच त्यांतले सत्कृत्य पुरे होते. म्हणून समोरचा माणूस आणखी बिघडेल असे दिसत असेल तर कानउघाडणी थांबवणे हे प्रेमाचे काम ठरू शकते. पण त्याच ठिकाणी ते बजावतात, की लोकांच्या रोषाच्या भीतीने किंवा स्वतःच्या लाभासाठी गप्प राहणे हा दोष आहे. दोघेही गप्पच असतात. एक समोरच्याच्या भल्यासाठी थांबलेला असतो, दुसरा स्वतःच्या सोयीसाठी. बाहेरून ऐकणाऱ्याला ते मौन सारखेच वाटते.

त्याआधी पंधरा-सोळा शतके ॲरिस्टॉटलने रागाविषयी हेच म्हटले होते. रागावणे कोणालाही जमते. योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य प्रमाणात आणि योग्य वेळी रागावणे अवघड. वेळ ही सद्गुणाला बाहेरून जोडायची सजावट नसून सद्गुणाच्या घटकांपैकी एक आहे, असा याचा अर्थ. आपल्या परंपरेलाही हे अपरिचित नाही. कापड्यावरूनच एक वाट उमरठला जाते. तेथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. घरात मुलाच्या लग्नाची तयारी असताना त्यांनी ते बाजूला ठेवून कोंढाण्याची मोहीम अंगावर घेतली, असे परंपरा सांगते. फेब्रुवारी १६७० मध्ये गड मिळाला आणि तानाजी पडले. लग्न हे काही वाईट कृत्य नव्हते. दोन चांगल्या गोष्टींपैकी आज कोणती, एवढाच प्रश्न होता. पण त्या ‘एवढ्याच’ प्रश्नाच्या उत्तरावरून त्या माणसाची योग्यता आपण आजही मापतो.

मग योग्य वेळ ओळखावी कशी? आम्ही पुन्हा इंजिनाकडे वळतो, कारण मेकॅनिकची रीत येथे मार्गदर्शक आहे.

तो प्रथम टायमिंगला हात लावत नाही. आधी डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पॉइंटांमधली फट मोजतो. ती साधारण अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी असते. हे पॉइंट फिरत्या कॅममुळे उघडतात आणि ते उघडण्याच्या क्षणी ठिणगी पडते. कॅमवर घासणारी पॉइंटाची टाच वापराने झिजते. ती झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. म्हणजे कोणी काही बिघडवले नाही, नुसती गाडी रोज चालवली, तरी तिचे टायमिंग आपोआप उशिराकडे सरकते. संसाराचेही असेच आहे. पती-पत्नींत, बाप-लेकांत, शेजाऱ्यांत वैर नसले तरी रोजच्या घर्षणाने बोलण्याची जागा झिजत जाते आणि जे शब्द पूर्वी वेळेवर निघत ते उशिरा निघू लागतात. वेळ चुकते आहे असे वाटले, तर आधी ही झीज पाहावी.

नंतर तो पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरतो, इंजिन हाताने फिरवतो, अंगठ्याला दाब लागला की पुलीवरची खूण इंजिनावरच्या खुणेसमोर आणतो. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून, बारा व्होल्टचा एक छोटा दिवा जोडून, दिवा ज्या क्षणी लागतो तेथे तो डिस्ट्रिब्युटर आणून ठेवतो. खूण कारखान्याने कोरलेली असते. ती झाली नियमाची बाजू. नुसत्या कानावर विश्वासणारा आणि खूण न पाहणारा मेकॅनिक आपल्या लहरीलाच अनुभव समजू लागतो. पण खुणेवर थांबणाराही अर्धवट. कारण खूण कोरली गेली ती त्या काळच्या पेट्रोलसाठी, नव्या इंजिनासाठी. आज पंपावर मिळणारे इथेनॉलमिश्रित पेट्रोल वेगळे आहे आणि इंजिन पन्नास वर्षांचे झालेले आहे. म्हणून शेवटची परीक्षा रस्त्यावर होते. गाडी वरच्या गिअरमध्ये, सावकाश वेगात असताना ॲक्सिलरेटर दाबायचा आणि ऐकायचे. भार पडताच अगदी हलकी टकटक यावी आणि वेग वाढताच ती विरून जावी, ही जुन्या मेकॅनिकांची कसोटी. मुळीच टकटक नसेल तर ते समाधान मानत नाहीत. डिस्ट्रिब्युटर किंचित पुढे घेऊन पाहतात. संपूर्ण शांतता हे टायमिंग बरोबर असल्याचे प्रमाण नव्हे, हे त्यांना ठाऊक असते. जे बोलणे कधीही, कोणालाही, क्षणभरसुद्धा खुपले नाही, ते बहुधा उशिरा झालेले असते.

भाराचा विचार तर डिस्ट्रिब्युटरच्या रचनेतच आहे. वेग वाढला की आतली वजने बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आणखी आधी पडते. अनेक गाड्यांत एक व्हॅक्यूमची डबीही असते. ओझे हलके असताना ती ठिणगी पुढे आणते, ओझे वाढले की मागे घेते. मोकळ्या, उत्साहात चाललेल्या माणसाशी लवकर आणि स्पष्ट बोलावे. ओझ्याखाली वाकलेल्याला थोडा अवधी द्यावा. शवपेटीजवळ बसलेल्या आईला ‘परमेश्वराची इच्छा’ असे त्याच दिवशी सांगणारा खोटे सांगत नसेलही, पण तिच्यावर त्या घटकेला किती भार आहे ते त्याने पाहिलेले नसते. महिन्याभराने, घर रिकामे झाल्यावर, तिच्या शेजारी जाऊन बसणारा कोणी लागतो. तेव्हा तोच माणूस फिरकत नाही. आणि जो अजून जागचा हललाच नाही त्याच्या बाबतीत तर अधिकच जपावे. फोर्ड मॉडेल टी ही १९०८ ते १९२७ या काळात बनलेली गाडी. तिच्या स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला ठिणगी पुढेमागे करण्याचा दांडा असे. तो पुढे ठेवून कोणी हँडल मारले तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मारणाऱ्याचा हात मोडे. सुरुवात करणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाची अपेक्षा करणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी हा दांडा ध्यानात ठेवावा.

उंचीचाही परिणाम होतो. महाबळेश्वरची हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पंधरा टक्के विरळ आहे. तेथे इंजिन सहसा ठोकत नाही आणि टायमिंग थोडे पुढे ठेवले तरी खपते. पण तेथल्या थंड हवेत कानाने लावलेले टायमिंग घेऊन गाडी खाली पोलादपूरला आली आणि उन्हात, भरल्या ओझ्याने कशेडी घाट चढू लागली, की ठोके सुरू होतात. उंचावर, गारव्यात बसून खाली ओझे वाहणाऱ्यांची वेळ ठरवणाऱ्या सर्वांनी, म्हणजे घरातल्या कर्त्यांनी, संस्थांच्या चालकांनी आणि आमच्यासारख्या लेखण्या चालवणाऱ्यांनीही, याचा विचार करावा.

ठोके बंद करण्याचा आणखी एक मार्ग माणसाने शोधला होता. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांना आढळले, की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले तर इंजिन ठोकत नाही. कंपन्यांना मोठा लाभ झाला, इंजिने जोरकस झाली. आणि ते शिसे धुरातून जगभरच्या मुलांच्या रक्तात गेले, त्यांच्या मेंदूंना अपाय करीत राहिले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, ते २०२१ साली बंद झाले. इशारा देणारा आवाज बंद करणे आणि इशाऱ्याचे कारण दूर करणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. घरातली टकटक दारूने, पैशाने, दरडावून किंवा सर्वांनी मिळून पाळलेल्या मौनाने बंद करता येते. पण तिचे शिसे कोठेतरी साचतेच, आणि बहुधा मुलांत.

रस्त्यावरची परीक्षा झाली की मेकॅनिक शेवटचे काम करतो. तो डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट घट्ट आवळतो. पुरेसे पाहिले, पुरेसे ऐकले. आता निर्णय झाला. बोल्ट सैल ठेवून गाडी चालवणारा मनुष्य लवचीक नव्हे, निष्काळजी असतो. इंजिनाच्या हादऱ्यांनी त्याचे टायमिंग कोठेही जाईल. अनेक सद्भावी माणसांचे येथेच बिघडते. ती विचार करतात, सल्ला घेतात, प्रार्थना करतात आणि पुन्हा विचार करतात; बोल्ट आवळला जात नाही. उलट, काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा फट मोजायची असते हे विसरून एकदा आवळलेला बोल्ट आयुष्यभर न सोडणारेही आहेत. निर्णयाला दोन्ही लागते, आवळण्याचे धैर्य आणि ठराविक काळाने तपासण्याची नम्रता.

असो. आरंभीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे, की ‘कर’ म्हणणाऱ्या आज्ञेपुरते तरी, अवेळी केलेले चांगले कृत्य अर्धेच चांगले असते. आणि त्याची उरलेली अर्धी जबाबदारीही आपलीच असते. ‘वेळ आली की पाहू’ या वाक्यात वेळ येते, आणि आपण वाट पाहतो. मेकॅनिकच्या भाषेत वेळ येत नाही. तो टायमिंग ‘लावतो’. त्यासाठी त्याला फट मोजावी लागते, खूण पाहावी लागते, ओझ्याखाली इंजिन कसे बोलते ते ऐकावे लागते आणि थोड्या टकटकीचा धोका पत्करावा लागतो. ज्या घरात आज कोणाला तरी काही सांगायचे राहिले आहे, त्या घरातली शांतता कसली आहे, हे घरच्यांनी आजच एकदा कान देऊन ऐकावे.